पितराच्या पाटावर चुडामण भाऊ

आमच्या दवाखान्याच्या ॲम्ब्युलन्सला सायरन होता, पण चुडामण भाऊ तो फारसा वाजवत नसे. ‘वाटवर एखादी धल्ली दचकीसन पडनी, तर तिलेबी गाडीमा घालनं पडी,’ असं तो म्हणायचा. नवे डॉक्टर हसायचे. मी हसत नसे, कारण भाऊ थट्टा करत नाही हे मला माहीत होतं. धल्ली म्हणजे म्हातारी, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक म्हातारीची जबाबदारी आपल्यावर आहे असं मानणारा तो माणूस होता.

मी त्या दवाखान्यात नर्स होते. धुळे-जळगाव हायवेवरचं आमचं गाव, गावातल्या चार व्यापाऱ्यांनी ट्रस्ट काढून चालवलेला दवाखाना, आणि त्यात मी पुष्पा सिस्टर. माझ्या तोंडी लागायला डॉक्टरसुद्धा कचरत. मला मुळात गुळमुळीत बोलणं जमत नाही, आणि गुळमुळीत बोलणारी माणसं तर त्याहून जमत नाहीत. चुडामण भाऊ बोलतच नसे, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

त्याचा बाप जिनिंगमध्ये छकडा हाकायचा. हा पोरवयात कापसाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढला, सुरतेच्या वाऱ्या करता करता स्टिअरिंगवर बसला. ट्रस्टने नवी कोरी ॲम्ब्युलन्स घेतली तेव्हा ड्रायव्हर म्हणून बरेच जण आले होते. दारू न पिणारा हा एकटाच निघाला, म्हणून ह्याला ठेवलं. एवढ्या साध्या कारणाने आम्हाला इतका चांगला माणूस मिळाला.

गाडीत चढण्याआधी तो चपला काढायचा. देवळाच्या पायरीशी काढतात तशा, नीट जोडून, सीटमागे ठेवायचा आणि अनवाणी गाडी चालवायचा. ‘गाडीमा मानसे वाचतस, सिस्टर. तिले चप्पल लावानी नही,’ म्हणायचा. मी त्यावरून त्याला पुष्कळ चिडवलं. उन्हाळ्यात ॲक्सिलरेटरचं पेडल तव्यासारखं तापायचं, तरी त्याची ही रीत सुटली नाही.

जेठ महिन्यात एका दुपारी आम्ही एका अडलेल्या बाईला खेड्यावरून आणत होतो. मी मागे तिच्याजवळ होते. बाळ आडवं होतं, बाईचे ओठ पांढरे पडले होते. ‘भाऊ, दाबा,’ असं मी पुढे ओरडले आणि त्याने गाडी पळवली. हायवे सोडून गाडी दवाखान्याच्या रस्त्याला वळली. तिथून उतार आहे. उताराच्या तळाशी, दवाखान्याच्या फाटकासमोर निंबाचं झाड, आणि झाडाखाली वना नावाच्या तरुणाचं सायकलीचं पंक्चर काढायचं दुकान. दुकान म्हणजे एक पेटी, एक पंप आणि पाण्याचं घमेलं. गाडीचा वेग तिथे कमी व्हायला हवा होता. तो झाला नाही. भाऊने ब्रेक दाबला, इंजिन बंद करायचा खटका ओढला, पण तोवर गाडी झाडावर गेली होती. वना झाडाला पाठ लावून बसला होता.

बाईला आत नेणं माझं काम होतं, ते मी केलं. बाई वाचली, बाळही वाचलं. मी बाहेर आले तेव्हा चुडामण भाऊ रस्त्यावर मांडी घालून बसला होता. मांडीवर वनाचं डोकं होतं; त्याला हलवण्यात अर्थ उरला नाही हे मला लगेच कळलं. भाऊ गाडीतल्या पाण्याच्या कॅनमधून त्याच्या तोंडात ओंजळीने पाणी सोडत होता. वनाची आई यशोदाअक्का समोरच्याच गल्लीत राहायची. माझ्या शेजारचं घर तिचं. ती धावत आली होती आणि समोर उभी होती. भाऊ तिला परत परत एकच सांगत होता, ‘अक्का, पेडल उठनं नही. मी पाय काढी लिन्हा, पन ते उठनं नही.’ वनाने दोन घोट घेतले आणि तो गेला. विधवेचा एकुलता एक मुलगा, लग्न ठरलेलं.

संध्याकाळी पुना मेकॅनिकने गाडी तपासली. पोलीस होते, ट्रस्टचे व्यवस्थापक होते, गाव तर होतंच. पुनाने पेडल हाताने दाबलं, ते उठलं. पायाने दाबलं, ते उठलं. पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. ‘एकदम बरोबर शे,’ म्हणाला. मग कोणीतरी सीटमागच्या चपला पाहिल्या. झालं, सगळ्यांना उत्तर मिळालं. अनवाणी पाय, घामाने ओला, ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर घसरला. पंचनाम्यात तसंच आलं, आणि कोर्टानेही तेच धरलं. दंड झाला, दंड ट्रस्टने भरला, आणि नोकरीवरून काढलं नाही एवढे उपकार केले.

सुरुवातीला भाऊ म्हणायचा, पेडल उठलं नाही. लोक मान हलवायचे. पुढे तो म्हणू लागला, मला तरी तसं वाटलं. आणि त्याच्याही पुढे, कोणी विचारलं तर खाली बघून म्हणायचा, ‘मना पायच चुकना व्हई.’ दहा तोंडांनी एक गोष्ट सांगितली की आपल्या पायावरचाही विश्वास उडतो माणसाचा. मी त्याला खडसावलं होतं, ‘तुमचा पाय तुम्हाला माहीत नाही का?’ तो म्हणाला, ‘पेडल ते बठ्ठासनी दखं, सिस्टर. मना पाय कोनी दखा?’ पेडल सगळ्यांनी पाहिलं होतं, त्याचा पाय कोणीच नाही.

त्याने गाडी सोडली. स्ट्रेचर उचलायला लागला, फरशी पुसायला लागला, ऑक्सिजनची नळकांडी ढकलायला लागला. गाडीवर चिंधा नावाचा नवा ड्रायव्हर आला. हा चिंधा इतका भित्रा की बैलगाडी त्याला मागे टाकून जायची. पेडल त्याने जन्मात कधी पूर्ण दाबलं नाही. पेशंट त्याच्या गाडीत वाटेत बरे होऊन उतरायचे असं आम्ही म्हणायचो. चुडामण भाऊ ते ऐकायचा, पण त्याच्या तोंडावर काही उमटायचं नाही. सांगितलेलं काम करायचा, न सांगितलेलंही करायचा. सुईने टोचलं तरी ओरडणार नाही असा झाला होता. त्याची बायको ताईबाई एकदा माझ्याकडे येऊन रडली. ‘सिस्टर, मना धल्ला घर येस, जेवस, झोपस. पन तो घरमा नही शे.’ मी तिला शक्तीच्या गोळ्या दिल्या. दुसरं काय देणार?

यशोदाअक्का दिसली की तो रस्ता बदलायचा. आमच्या गल्लीत पाऊल टाकायचा नाही. आणि तरी वर्षातून एक दिवस तो तिच्या घरी जेवायला जायचा, तिच्या मुलाच्या जागी.

आमच्याकडे आखाजीला पितर जेवू घालतात. अक्षय तृतीया म्हणा, आम्ही आखाजी म्हणतो. सकाळी उंबरठ्यावर कुंकवाची बोटं ओढत गेलेल्यांची नावं घ्यायची, पाण्याने भरलेल्या घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, चुलीत नैवेद्याची आगारी टाकायची, आणि बाहेरच्या एका माणसाला पितर म्हणून पाटावर बसवायचं. तो जेवला की गेलेला जेवला. आमच्या गल्लीतली रीत जरा कडक आहे. पितराचे पाय उंबरठ्यावर धुतले की तिथून तो हात धुवेपर्यंत त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, त्यानेही बोलायचं नाही. बोललं तर घास पोचत नाही. आणि एकदा पहिला घास घेतला की त्याने ताटावरून उठायचं नाही.

वना गेल्यानंतरची पहिली आखाजी आली, तेव्हा अक्काने पितर म्हणून चुडामणला निरोप पाठवला. गल्ली हादरली. कोणी म्हणालं, म्हातारीचं डोकं फिरलं. कोणी म्हणालं, जेवणात काहीतरी घालील. मला वाटलं, ती त्याला शिक्षा देते आहे. मरेपर्यंत दरवर्षी माझ्या पोराच्या नावाने जेव आणि काय केलंस ते आठव, अशी शिक्षा. मनातल्या मनात मी म्हटलं, अक्का, तू माझ्याहून कडू निघालीस.

तो आला. धुतलेला पायजमा-सदरा, खाली मान. अक्काने त्याचे पाय धुतले. तो उजवा पाय तिने हातात घेतला तेव्हा दारात उभ्या असलेल्या बायांनी डोळे फिरवले. तिने खापरावरची पुरणपोळी, म्हणजे आमचा मांडा, वाढली, आमरस वाढला, कुरडई वाढली, आणि भिंतीशी जाऊन बसली. तो जेवला. कोणी कोणाशी बोललं नाही. हात धुतले, नमस्कार केला, गेला. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. त्या घरात मी शेजारीण म्हणून मांडे भाजायला असायचे, आणि दरवेळी ते बघून मला संताप यायचा. अक्काचाही आणि त्याचाही.

अशी पाच वर्षं गेली. मग एक दिवस धुळ्याच्या शोरूममधून निरोप आला की कंपनीने आमच्या गाडीच्या लॉटमधल्या सगळ्या ॲम्ब्युलन्स परत बोलावल्या आहेत, पेडल बदलून देणार, पैसे पडणार नाहीत. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. फुकट आहे म्हटल्यावर आमचे व्यवस्थापक उठून उभेच राहिले. त्याच दिवशी एक पेशंट धुळ्याला सिव्हिलमध्ये न्यायचा होता. म्हणून मी गेले, चिंधा गेला, आणि स्ट्रेचर धरायला चुडामण भाऊ आला. पेडल कशासाठी बदलतात हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं.

पेशंट पोचवून आम्ही वर्कशॉपमध्ये गेलो. शिरपूर, साक्री, चोपडा, कुठून कुठून आलेल्या पांढऱ्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, आणि ड्रायव्हर मंडळी सावलीत चहा पीत होती. खाज्या नावाचा सातपुड्याकडचा एक ड्रायव्हर हातवारे करून सांगत होता, ‘मनी गाडी ते सिधी कपाशीमा घुसनी! पाय काढा तरी पळी ऱ्हायनी. पेशंट माले इचारस, भाऊ, दवाखाना आठेच शे का?’ सगळे खदाखदा हसले. दुसरा म्हणाला, माझी कॅनॉलच्या कडेला थांबली. तिसऱ्याचीही अडकली होती. मी चुडामण भाऊकडे पाहिलं. त्याच्या हातातली चहाची बशी वाकडी झाली होती आणि चहा पायावर सांडत होता. चहा चांगला गरम होता. त्याने पाय हलवला नाही.

पुण्याहून कंपनीचा इंजिनिअर आला होता. चांगला मुलगा होता, सगळ्यांना नीट समजावून सांगत होता. पेडलाच्या दांड्यात प्लास्टिकचं एक बुश असतं. त्या लॉटमध्ये ते खराब निघालं. गाडी उन्हात लांबून पळत आली आणि पेडल शेवटपर्यंत दाबलं, तर तापलेलं बुश फुगतं आणि दांडा धरून ठेवतं. गाडी थंड झाली की ते पुन्हा मोकळं. ‘म्हणून नंतर तपासलं तर काहीच सापडत नाही,’ तो म्हणाला. त्याने एक काढलेलं पेडल उकळत्या पाण्यात बुडवून दाखवलं. बाहेर काढून दाबलं, ते खालीच राहिलं. सगळ्यांनी ते हात लावून पाहिलं. चहा पिऊन होईपर्यंत ते टक् करून आपोआप वर आलं.

पुना मेकॅनिकने संध्याकाळी, गार झालेलं पेडल दाबून पाहिलं होतं.

मग तो मुलगा एकेका गाडीची चौकशी करत आमच्यापाशी आला. चिंधा म्हणाला, ‘मना हातमा कधी अडकनं नही. आगोदर हाई गाडी ह्या भाऊ चालाडेत.’ मुलाने चुडामण भाऊला विचारलं, ‘काका, तुमच्या वेळी कधी अडकलं होतं का?’

भाऊने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘नही.’

‘नक्की?’

‘नही अडकनं.’

‘बरं झालं. नशीबवान आहात,’ असं म्हणून तो मुलगा पुढच्या गाडीकडे गेला. मी तोंड उघडलं होतं. भाऊने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की आयुष्यात पहिल्यांदा माझं तोंड कोणीतरी बंद केलं.

परतताना फागण्याच्या फाट्यावर चिंधा डिझेल भरायला उतरला, तेव्हा मी धरलंच त्याला. ‘भाऊ, अक्कल गहाण टाकलीत का? पाच वर्षं लोकांनी तुम्हाला मारेकरी म्हटलं. आज कंपनीचा माणूस समोर उभा राहून विचारतो, आणि तुम्ही नाही म्हणता?’

तो म्हणाला, ‘सिस्टर, अक्का माले आखाजीले बलावस. कसाले बलावस? मी वनाले मारं म्हनीसन. मी मारंच नही, पेडलनी मारं, मंग मी तठे कोन म्हनीसन बसू? वरीसमा तो एकच दिन शे, तव्हय माले वाटस का मी काही फेडी ऱ्हायनू. बाकीना दिन माले काहीच वाटत नही. तेबी गयं, तर मनापान काय ऱ्हाई?’

एवढं तो पाच वर्षांत बोलला नव्हता. हे सांगताना त्याचा आवाज ना चढला ना उतरला. मला मात्र गाडीत बसून रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून राग आला. निर्दोष सुटण्यापेक्षा ह्या माणसाला ती शिक्षा हवी होती, कारण तेवढीच एक गोष्ट त्याला अजून लागत होती.

त्याने मला सांगितलं, अक्काला काही बोलू नका. मी हो म्हटलं नाही. घरी आले, हातपाय धुतले आणि तडक अक्काच्या ओट्यावर गेले. ती गहू निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. बुश, उकळतं पाणी, खाज्याची कपाशी. शेवटी म्हटलं, ‘अक्का, चुडामणनी चूक नव्हती. पेडल खरंच उठनं नही.’

अक्काने सूप खाली ठेवलं नाही. खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, ‘माले माहीत शे.’

‘तुले कोणी सांगितलं?’

‘त्यानीच सांगं. त्याच दिन. मांडीवर मरता मानूस लीसन कोनी खोटं बोलस का, पुष्पा?’

‘मग तू त्याला पितर का बसवलंस?’

‘मना वनाले शेवटलं पानी त्यानी पाजं. ज्यानी पानी पाजं, तोच घास खावाले पाहिजे. मना सासरनी रीत शे हाई. आजून काय कारण पाहिजे?’

म्हणजे गाव पुना मेकॅनिकवर विश्वास ठेवून बसलं होतं, कोर्ट पंचनाम्यावर, आणि ज्या एका बाईला त्याच्यावर चिडायचा हक्क होता तिने पहिल्या दिवसापासून त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. आणि हे तिने त्याला कधी सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नव्हती. एरवी तो तिच्यासमोर येत नसे, आणि ज्या दिवशी येई त्या दिवशी बोलायचं नसे. आपण त्याला शिक्षा देतो आहोत असं त्याला वाटतं, हे अक्काच्या स्वप्नातही नव्हतं. ते मी सांगितलं तेव्हा मात्र तिचा हात सुपात थांबला.

‘पाच वरीस तो असं समजीसन जेवना?’ तिने विचारलं. मी मान हलवली. ‘जाय, त्याले सांग,’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिचा निरोप घेऊन मी भाऊकडे गेले. तुझी चूक नाही हे अक्काला पहिल्यापासून माहीत आहे, असं सांगितलं. तो म्हणाला, ‘तुम्ही मना मन ऱ्हावाले सांगतस, सिस्टर.’ मी शपथ घेतली. तो फरशी पुसत राहिला. अक्काने स्वतः बोलावणं धाडलं, दोनदा धाडलं. तो गेला नाही. ‘आखाजीले जासू,’ एवढंच म्हणाला. त्याला भीती वाटत होती, ते मला दिसत होतं. आधी गेला आणि खरंच तसं निघालं, तर आखाजीचा पाट गेला. अक्काला मी म्हटलं, मग तू जा दवाखान्यात. ती एकदा आलीही. तिला फाटकात पाहून तो मागच्या दाराने निघून गेला. पन्नाशीचा माणूस, आणि म्हातारीला पाहून पळाला. मला हसूही येईना.

आखाजी आली. पोरी माहेरी आल्या होत्या, निंबाला झोके बांधले होते, गौराईची गाणी चालली होती, आणि पुरुष मंडळींनी ओट्याओट्यावर पत्त्यांचे डाव मांडले होते. त्या दिवशी पत्ते खेळायला कोणी कोणाला अडवत नाही. मी अक्काकडे चुलीपाशी होते. अक्काने उंबरठ्यावर बोटं ओढली, सासऱ्याचं नाव घेतलं, नवऱ्याचं घेतलं, वनाचं घेतलं. घागर भरली, आगारी टाकली. मी हळूच म्हटलं, ‘अक्का, तो आला की उंबरठ्यावरच सांगून टाक. पाय धुण्याआधी. म्हणजे रीतही मोडणार नाही.’

‘उंबरावर सांगं तर तो पळी जाई,’ ती म्हणाली. तिने मनाशी ठरवलं होतं, आणि काय ठरवलं ते मला तेव्हा कळलं नाही.

तो आला. तसाच, धुतलेला सदरा, खाली मान. नेहमीसारखा उंबरठ्याशी थांबला. अक्काने पाय धुतले, पुसले, त्याला पाटावर बसवलं. ताट वाढलं. मांडा मोडून त्याने पहिला घास आमरसात बुडवला आणि तोंडात घातला. मग अक्का भिंतीशी गेली नाही. ती त्याच्या ताटासमोर, जमिनीवर बसली.

‘चुडामण,’ ती म्हणाली.

माझ्या हातातला मांडा खापरावर करपला. पितराशी बोललेलं मी त्या गल्लीत कधी ऐकलं नव्हतं. चुडामणने दचकून वर पाहिलं. त्याने उठायला पाटावर हात टेकला, पण घास घेतला होता. त्याला उठता येईना.

‘मना पोऱ्याले तू मारं नही,’ अक्का म्हणाली. ‘पेडल उठनं नही. तू माले तव्हयच सांगं, नी माले तव्हयच पटनं. मी तुले शिक्षा कराले नही बलावं. तू त्याले पानी पाजं, म्हनीसन बलावं. पाच वरीस मी तुले हाई सांगाले पाहिजे व्हतं. मी रीत पायी नी गप बसनू. मनं चुकनं.’

त्याच्या तोंडातला घास तसाच होता. तो गिळायला त्याला फार वेळ लागला. मला वाटलं, आता हा माणूस हंबरडा फोडणार, आणि मी पदर डोळ्यांना लावून तयार झाले. त्याने हंबरडा फोडला नाही. त्याने घागरीकडे पाहिलं, उंबरठ्यावरच्या कुंकवाच्या बोटांकडे पाहिलं, आणि पितराच्या पाटावरून तो बोलला.

‘पन अक्का, तू बोलनी. घास पोचना नही. मंग आज वना उपाशी ऱ्हायना ना?’

अक्काने ताट त्याच्याकडे थोडं सरकवलं.

‘ऱ्हाऊ दे,’ ती म्हणाली. ‘तो मरेल शे, चुडामण. तू जित्ता शे. जेव.’

तो ताटाकडे बघत राहिला. मग त्याने मांडा मोडला आणि दुसरा घास घेतला.